पायाळू बाळ : बाळंतपणाचा निर्णय वेळेवर घ्या

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा मराठी समाजात जुनी आहे. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंदे यांच्या छावणीतून ग्वाल्हेरचा लष्कर हा भाग वसला. तेव्हापासून तेथे अनेक मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्या कुटुंबांतील मुली पुणे, नागपूर किंवा इंदूर येथे दिल्या जातात आणि ओटीभरणानंतर बाळंतपणासाठी ग्वाल्हेरला येतात. महाराष्ट्रातील मुलीही याच रीतीने सासरहून आपल्या गावी परततात. हा प्रवास बहुधा सातव्या ते नवव्या महिन्यात होतो. गर्भाशयात बाळ कोणत्या स्थितीत आहे हे निश्चित होण्याचा काळही नेमका हाच असतो. तपासणी एका गावी व बाळंतपण दुसऱ्या गावी, अशा वेळी "बाळ पायाळू आहे" हे कळले, तर काय करावे याविषयी घरात गोंधळ उडतो. काही ठिकाणी भीतीने घाईचा निर्णय होतो, तर काही ठिकाणी "होईल सर्व ठीक" असे म्हणून निर्णय कळा सुरू होईपर्यंत लांबविला जातो. या दोन्ही गोष्टी टाळता येण्यासारख्या आहेत.

पायाळू म्हणजे काय?

प्रसूतीच्या वेळी सर्वसाधारणपणे बाळाचे डोके खाली असते व तेच प्रथम बाहेर येते. ज्या बाळाचे डोके वर आणि ढुंगण किंवा पाय खाली असतात, त्यास पायाळू म्हणतात. याचे तीन प्रकार आहेत. पहिल्या प्रकारात बाळाचे पाय गुडघ्यात सरळ राहून वर तोंडाकडे गेलेले असतात व ढुंगण खाली असते. हा प्रकार सर्वांत अधिक आढळतो. दुसऱ्यात बाळ मांडी घातल्यासारखे बसलेले असते. तिसऱ्यात एक किंवा दोन्ही पावले ढुंगणाच्याही खाली असतात. पुढील निर्णय या प्रकारावर बराच अवलंबून असल्याने "पायाळू" एवढेच कळणे पुरेसे नाही, प्रकारही कळला पाहिजे.

पायाळू माणसाविषयी आपल्याकडे अनेक समजुती आहेत. त्याच्यावर वीज पडते, त्याला भूमिगत धन दिसते, त्याचा पाय लागला की उसण जाते, असे सांगितले जाते. या समजुतींना शास्त्रीय आधार नाही. बाळ पायाळू असण्यात मातेचा काही दोष नाही, ग्रहणाचा नाही आणि तिच्या कामाचा किंवा आहाराचाही नाही. जुळी बाळे, गर्भजलाचे कमी-अधिक प्रमाण, वार खाली असणे, गर्भाशयाचा वेगळा आकार किंवा गाठी ही काही कारणे असू शकतात. अनेकदा कोणतेच कारण सापडत नाही.

केव्हा काळजी करावी?

सातव्या महिन्याच्या सुरुवातीस, म्हणजे सुमारे २८ आठवड्यांपर्यंत, चारपैकी जवळजवळ एक बाळ पायाळू असते. पुढे बहुतेक बाळे आपोआप फिरतात. दिवस पूर्ण होतात तेव्हा १०० पैकी ३ ते ४ बाळेच पायाळू राहिलेली असतात. म्हणून सातव्या महिन्यातील सोनोग्राफीत बाळ पायाळू दिसले तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र ३६ आठवड्यांनंतर बाळ आपोआप फिरण्याची शक्यता फार कमी होते. पहिलटकरणींमध्ये ती १०० पैकी सुमारे ८ इतकीच असते.

यावरून एक नियम निघतो. प्रत्येक गरोदर स्त्रीची ३६ व्या आठवड्यात पोट तपासून बाळाची स्थिती पाहिली जावी. अनुभवी आरोग्यसेविकेस हाताने तपासताना वरच्या बाजूस कठीण, गोल डोके लागते. शंका आल्यास सोनोग्राफी करून खात्री करावी. या सोनोग्राफीत बाळाची स्थिती, वारेची जागा, गर्भजल, बाळाचे अंदाजे वजन व मान वाकलेली आहे की मागे ताणलेली, हे पाहिले जाते. अशी तपासणी पूर्णपणे कायदेशीर आहे. १९९४ च्या कायद्याने बंदी आहे ती गर्भाचे लिंग जाणण्यास व सांगण्यास.

पहिला मार्ग : बाळ फिरविणे

दिवस भरत आले असता डॉक्टर पोटावरून दोन्ही हातांनी बाळास कोलांटी दिल्याप्रमाणे हळूहळू फिरवून त्याचे डोके खाली आणू शकतात. पहिलटकरणीस ३६ आठवड्यांपासून व पूर्वी बाळंत झालेल्या स्त्रीस ३७ आठवड्यांपासून हा प्रयत्न करता येतो. तो रुग्णालयातच केला जातो. आधी सोनोग्राफी होते, बाळाच्या हृदयाचे ठोके यंत्रावर नोंदविले जातात आणि गर्भाशय सैल होण्याचे औषध देता येते. प्रत्यक्ष क्रियेस काही मिनिटे लागतात. त्यानंतर ठोके पुन्हा तपासले जातात. मातेचा रक्तगट आर-एच निगेटिव्ह असल्यास तिला अँटी-डी हे इंजेक्शन दिले जाते.

या प्रयत्नास सुमारे निम्म्या स्त्रियांमध्ये यश येते. पहिलटकरणींमध्ये १०० पैकी सुमारे ४०, तर पूर्वी बाळंत झालेल्यांमध्ये सुमारे ६०. यशस्वी झालेल्यांपैकी १०० त ५ पेक्षाही कमी बाळे पुन्हा पायाळू होतात. सुमारे २०० पैकी एका स्त्रीस या क्रियेनंतर तातडीने सिझेरियन करावे लागते. म्हणूनच ही क्रिया शस्त्रक्रियागृह जवळ असलेल्या ठिकाणीच करावयाची. वार खाली असणे, नुकताच रक्तस्राव होणे, पाणमोट फुटणे, जुळे असणे, ठोक्यांत दोष आढळणे किंवा अन्य कारणाने सिझेरियन ठरलेले असणे, अशा वेळी बाळ फिरविण्याचा प्रयत्न करीत नाहीत.

येथे एक इशारा देणे आवश्यक आहे. घरी सुईणीकडून पोट चोळून किंवा दाबून बाळ फिरविण्याचा प्रयत्न कधीही करू नये. त्यामुळे वार सुटून रक्तस्राव होण्याचा व बाळ दगावण्याचा धोका असतो, आणि घरी ठोके पाहण्याची किंवा तातडीने शस्त्रक्रिया करण्याची सोय नसते. कंबरेखाली उशा ठेवून निजल्याने बाळ फिरते असेही सांगितले जाते, परंतु केवळ त्याने लाभ होतो असे सिद्ध झालेले नाही.

दुसरा मार्ग : नियोजित सिझेरियन

बाळ फिरले नाही, किंवा फिरविणे शक्य वा मातेस मान्य नसेल, तर साधारणपणे ३९ आठवडे झाल्यावर ठरवून सिझेरियन करता येते. सन २००० मध्ये २६ देशांतील २,००० हून अधिक स्त्रियांचा समावेश असलेल्या एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पायाळू बाळाच्या बाबतीत नियोजित सिझेरियन बाळास अधिक सुरक्षित असल्याचे त्यात दिसले. त्यानंतर जगभर अशा वेळी सिझेरियनचे प्रमाण पुष्कळ वाढले. मात्र २००४ मध्ये याच पाहणीतील बालकांची दोन वर्षांच्या वयात तपासणी झाली, तेव्हा मृत्यू किंवा वाढीतील दोष याबाबत दोन गटांत फरक आढळला नाही.

ब्रिटनमधील प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०१७ मध्ये दिलेल्या आकडेवारीनुसार प्रसूतीच्या सुमारास होणाऱ्या बालमृत्यूंचे प्रमाण दर १०,००० मागे पुढीलप्रमाणे आहे : ३९ आठवड्यांनंतर नियोजित सिझेरियन केल्यास सुमारे ५, डोके खाली असताना नैसर्गिक प्रसूतीचे ठरविल्यास सुमारे १०, आणि पायाळू बाळाच्या नैसर्गिक प्रसूतीचे ठरविल्यास सुमारे २०. हे आकडे सुसज्ज रुग्णालयांचे आहेत, हे ध्यानात ठेवावे. कुशल मदत नसलेल्या ठिकाणी धोका यापेक्षा अधिक असणार.

सिझेरियन ही मोठी शस्त्रक्रिया आहे. बरे होण्यास अधिक दिवस लागतात. गर्भाशयावर राहणाऱ्या व्रणामुळे पुढील खेपेस व्रण फाटणे किंवा वार त्या जागी घट्ट चिकटणे असे धोके संभवतात. ज्या स्त्रीस पुढे आणखी मूल हवे आहे, तिने याचा विचार करावा व पुढचे प्रत्येक बाळंतपण शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयातच करावे.

तिसरा मार्ग : नैसर्गिक प्रसूती

पायाळू बाळाची नैसर्गिक प्रसूती अशक्य नाही. परंतु तिच्यात एक मूलभूत अडचण आहे. बाळाच्या शरीराचा सर्वांत मोठा व कठीण भाग म्हणजे डोके, आणि तेच शेवटी येते. डोके अडकले तर वेळ थोडा असतो, कारण त्याच वेळी नाळ दाबली जात असते. पावले खाली असल्यास पाणमोट फुटताच नाळ बाहेर घसरण्याचाही मोठा धोका असतो. म्हणून पावले खाली असणे, मान मागे ताणलेली असणे, बाळाचे वजन सुमारे ३.८ किलोपेक्षा अधिक किंवा फारच कमी असणे, अशा वेळी हा मार्ग सुचविला जात नाही. इतर बाबी अनुकूल असल्या तरी अशा प्रसूतीचा अनुभव असलेले डॉक्टर, भूलतज्ज्ञ, रक्ताची सोय व तत्काळ शस्त्रक्रियेची तयारी असेल तेथेच हा मार्ग स्वीकारावा. अलीकडे सिझेरियन वाढल्याने असा अनुभव असणारे हातही कमी झाले आहेत.

निर्णय कोणी व कोठे घ्यावा?

निर्णय मातेचा आहे. डॉक्टरांनी तिन्ही मार्गांचे लाभ-धोके तिला समजेल अशा भाषेत सांगावेत आणि घरच्या मंडळींनी तिला विचार करण्यास अवसर द्यावा. डॉक्टरांना पुढील प्रश्न अवश्य विचारावेत : बाळ कोणत्या प्रकारे पायाळू आहे? बाळ फिरविण्याची सोय येथे आहे काय? नसल्यास ती जवळ कोठे मिळेल? रात्री शस्त्रक्रिया होऊ शकते काय? नियोजित दिवसापूर्वीच कळा आल्यास कोठे जावे?

ग्वाल्हेर येथे १९४६ मध्ये स्थापन झालेले गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय व त्यास संलग्न स्त्रिया व बालकांचे कमलाराजा रुग्णालय आहे. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी या जिल्ह्यांतून अवघड बाळंतपणाच्या स्त्रिया येथे येतात. अशा मोठ्या केंद्रापासून दूर राहणाऱ्या स्त्रीसाठी अंतर हाही निर्णयाचाच एक भाग असतो. भिंडकडील खेड्यातील स्त्री असो वा गडचिरोलीची, कळा सुरू झाल्यावर निघण्यापेक्षा काही दिवस आधीच रुग्णालयाजवळच्या नातेवाईकांकडे येऊन राहणे श्रेयस्कर.

माहेरी जाणाऱ्या स्त्रीने माता-बाल संरक्षण कार्ड, सोनोग्राफीचे सर्व अहवाल व रक्तगटाची नोंद बरोबर न्यावी, आणि पोहोचल्यावर आठवड्याच्या आत तेथील आशा कार्यकर्ती किंवा आरोग्यसेविकेकडे नाव नोंदवावे. दरमहा ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली शासकीय आरोग्य संस्थांत मोफत तपासणी होते. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार शासकीय रुग्णालयात सिझेरियनसह बाळंतपण, औषधे, तपासण्या, रक्त आणि जाण्या-येण्याचे वाहन मोफत आहे. सिझेरियननंतर ७ दिवसांपर्यंत आहारही दिला जातो. खर्चाच्या भीतीने निर्णय लांबविण्याचे कारण नाही.

अचानक कळा आल्यास

बाळ पायाळू असल्याचे माहीत असताना पाणमोट फुटली किंवा कळा सुरू झाल्या, तर विलंब न लावता १०८ क्रमांकावर वाहन बोलवावे. नाळ बाहेर दिसल्यास तिला हाताळू नये. मातेस गुडघे व छाती टेकवून, कंबर वर राहील अशा स्थितीत ठेवावे आणि त्वरित रुग्णालयात न्यावे. वाटेतच बाळाचे पाय दिसू लागले तर ते ओढू नयेत. ओढल्याने हात व मान वर जाऊन डोके अडकते. बाळ मातेच्या जोरानेच येऊ द्यावे आणि जन्मताच कोरडे करून उबेत ठेवावे.

जन्मानंतर

पायाळू बाळांत खुब्याचा सांधा निखळलेला असण्याचे प्रमाण इतर बाळांपेक्षा अधिक असते, मग ते सिझेरियनने जन्मलेले का असेना. म्हणून जन्मतः खुबे तपासून घ्यावेत व सुमारे ६ आठवड्यांनी त्यांची सोनोग्राफी करावी. वेळीच कळल्यास साध्या पट्ट्यांनीही उपचार होऊ शकतो. उशीर झाल्यास मूल लंगडत चालू लागते. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट गुंडाळण्याची घरोघरी असलेली रीत या बाळांसाठी विशेष घातक आहे. बाळाचे पाय मोकळे, वाकलेले व फाकलेले राहू द्यावेत.

ग्रामसभा, महिला मंडळे व शाळांतील पालकसभांमधून शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांनी एवढी एक गोष्ट घरोघर पोहोचवावी : ३६ व्या आठवड्यात बाळाची स्थिती पाहावी, आणि ते पायाळू असेल तर बाळंतपण कोठे व कसे होणार हे कळा येण्यापूर्वीच ठरलेले असावे.