चाक घसरावं, साखळी तुटू नये

45 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर वजनाला साधारण 2 टन भरतो. कोरड्या, घट्ट जमिनीवर तो सव्वा टनाच्या, फार तर दीड टनाच्या जोराने ओढू शकतो. त्याहून जास्त मागितलं की मागची चाकं जागच्या जागी फिरायला लागतात. ओंडके ओढण्यासाठी साखळी निवडताना विचाराची सुरुवात या आकड्यापासून व्हावी, असं माझं ठाम मत आहे. जोर संपेल तेव्हा आधी चाक घसरलं पाहिजे. चाक घसरलं तर थोडी माती उडते. साखळी तुटली तर तिचं सुटलेलं टोक कुठे जाईल, ते कुणाच्याच हातात राहत नाही.

कोकणातल्या उतारावरच्या बागेत तोडलेलं आंब्याचं झाड बाहेर काढायचं, तर ट्रक खाली उतरत नाही. गावातला ट्रॅक्टर बोलावतात. 45 सेंटिमीटर व्यासाचा, 4 मीटर लांबीचा ओला ओंडका 500 ते 650 किलोंपर्यंत भरतो. खडबडीत जमिनीवर तो पूर्ण टेकून ओढला, तर लागणारा जोर त्याच्या वजनाच्या निम्म्यापासून थेट वजनाइतका होऊ शकतो. हे ट्रॅक्टरच्या आवाक्यातलं आहे. पण सोबत येणारी टोचनाची साखळी बहुतेक वेळा बिनखुणेची असते; कुणाच्या तरी ट्रॉलीची, नाहीतर दुकानातून किलोवर घेतलेली. सगळे तिची जाडी बघतात. पोलाद कोणतं, हे कुणी विचारत नाही, आणि खरा प्रश्न तोच असतो.

पोलादाने काय फरक पडतो, ते अमेरिकेतल्या साखळीवरून कळतं. तिथे ईशान्येकडच्या व्हर्माँट, मेन या राज्यांत शेताला लागून शेतकऱ्याचं स्वतःचं छोटं जंगल असतं. हिवाळ्यात जमीन गोठली की तिथून ट्रॅक्टरने ओंडके काढतात. त्या कामात रुळलेली साखळी 20 फूट लांब आणि तीन अष्टमांश इंच, म्हणजे साधारण 10 मिलिमीटर जाडीची असते. याच जाडीत पोलादाचे चार ग्रेड मिळतात. 30 ग्रेडचा सुरक्षित भार 1.2 टन, 43 चा सुमारे 2.4, 70 चा 3 आणि 80 चा 3.2 टन. दिसायला सगळ्या सारख्याच. 70 ग्रेडला बहुधा सोनेरी मुलामा असतो, पण रंगावर विसंबू नये. ठरावीक अंतरावरच्या कडीवर ग्रेडचा आकडा ठोकलेला असतो, तो बोटाने चाचपून वाचावा. आकडा नसेल तर साखळी 30 चीच धरून चालावं. 10 मिलिमीटरची बिनखुणेची साखळी अशी धरली, तर तिचा भार ट्रॅक्टरच्या ओढीपेक्षा कमी ठरतो. म्हणजे चाक घसरण्याआधीच तिने आपली मर्यादा ओलांडलेली असते.

ग्रेडचा हिशेब सरळ आहे. 80 म्हणजे दर चौरस मिलिमीटरला 800 न्यूटन ताण येईपर्यंत न तुटणारं पोलाद. कडीच्या दोन बाजू मिळून 10 मिलिमीटरच्या साखळीत 157 चौरस मिलिमीटर छेद भरतो. गुणाकार केला की तुटण्याचा भार पावणेतेरा टनांच्या आसपास येतो, आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे तो 3.2 टनांचा सुरक्षित भार. मग उरलेले तीन हिस्से फुकट गेले का? नाही, ते धक्क्यासाठी राखलेले असतात. 2 टनांचा ट्रॅक्टर ताशी 5 किलोमीटरने चालला आहे, मागचा ओंडका एकाएकी बुंध्यात अडकला आणि ट्रॅक्टर 5 सेंटिमीटरच्या आत थांबला, तर साखळीवर सरासरी ताणच 4 टनांच्या घरात जातो. चालण्याचा वेग, आणि एका क्षणात भार तिप्पट! म्हणून साखळी ढिली ठेवून झटका मारून ओंडका हलवण्याची सवय मला फार चुकीची वाटते. आधी हळूहळू ताण घ्यावा, साखळी सरळ झाली की मग क्लच सोडावा.

जाडी वाढवत नेणं हाही उपाय नव्हे. 10 मिलिमीटरची 6 मीटर साखळी साधारण 13 किलोंची होते, 13 मिलिमीटरची 22 किलोंच्या पुढे जाते. दिवसभर ती उतारावरून खांद्यावर वाहणारा माणूस संध्याकाळी ती नीट बांधण्याचा कंटाळा करतो, आणि तिथेच घात होतो. जाडी तीच ठेवून ग्रेड वाढवावा.

आता हूक. ओंडक्याच्या कामात दोन जातींचे हूक लागतात, आणि त्यांची अदलाबदल केली की काम बिघडतं. स्लिप हुकाचं तोंड रुंद असतं. साखळी त्यातून सरकते, म्हणून ओंडक्याभोवती सरकफास बसतो आणि ओढ वाढेल तसा आवळत जातो. ग्रॅब हुकाची खाच अरुंद असते. तिच्यात एक कडी आडवी बसते, पुढची कडी उभी येऊन अडते, आणि साखळी तिथून तसूभर हलत नाही. लांबी कमी-जास्त करायला हाच हवा. साखळीला गाठ मारून लांबी कमी करू नये. गाठीत कड्या वाकतात. म्हणून जुन्या पद्धतीच्या साखळीला एका टोकाला स्लिप, दुसऱ्याला ग्रॅब असतो: फास ओंडक्याकडे, खाच ट्रॅक्टरकडे. फास घातला की साखळीची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते, तेही हिशेबात धरावं. आणि हूक साखळीच्याच ग्रेडचा आणि मापाचा हवा. 80 च्या साखळीला बाजारातला साधा हूक लावला, तर सगळी साखळी त्या हुकाइतकीच मजबूत राहते.

युरोपात या कामाला चौकोनी कडीची साखळी वापरतात. तिच्या कडा सालीत रुततात आणि गुळगुळीत ओंडकाही निसटत नाही. तिच्या टोकाला एक लोखंडी दांडी असते. जमिनीला घट्ट टेकलेल्या ओंडक्याखालून ती दांडी आरपार सारता येते, खाली हात घालून माती उकरावी लागत नाही. ही छोटी सोय मला आपल्याकडे सर्रास बघायला आवडेल. गावातला लोहारही साखळीच्या शेवटच्या कडीत दांडी अडकवून देऊ शकेल, फक्त कडीला वेल्डिंग करू नये. तापवलेल्या कडीचं पाणी उतरतं.

हे सगळं जमलं तरी साखळी ट्रॅक्टरला कुठे अडकवली यावर चालकाचा जीव अवलंबून असतो. मागच्या आसापेक्षा खाली असलेल्या ड्रॉबारलाच ती लावावी. आसाच्या वर असलेल्या टॉप लिंकच्या जागी किंवा थेट आसाला साखळी बांधली आणि ओंडका अडला, तर चाकाला फिरता येत नाही; मग इंजिनाचा जोर पुढचा भाग उचलायला लागतो. ट्रॅक्टर मागे उलटण्याच्या टोकाला पोचायला एक सेकंदही पुरतो. पाय क्लचवर जाईपर्यंत वेळ निघून गेलेली असते. स्वीडनने 1959 मध्ये नव्या ट्रॅक्टरांना चालकाभोवती मजबूत चौकट सक्तीची केली, आणि ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यू तिथे खूप कमी झाले. आपल्या शेतांत दिसणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरांना अशी चौकट नाही. तेव्हा ड्रॉबारचा नियम इथे आणखी कडक पाळायला हवा. ओंडक्याचं पुढचं टोक थोडं उचलून धरलं तर तो मातीत नांगरत नाही आणि ओढही हलकी होते, पण उचल वीतभर पुरे.

ज्या कड्यांवर हे सगळं अवलंबून असतं, त्या आज यंत्रावर जोडल्या जातात; पूर्वी त्या हाताने जोडत. 1910 मध्ये इंग्लंडमधल्या क्रॅडली हीथ या गावात बायका घरामागच्या छोट्या भट्ट्यांवर हातोड्याने कडी-कडी जोडत होत्या. किमान वेतन कायद्याने ठरलं, तरी मालक ते द्यायला टाळाटाळ करत होते. कामगार पुढारी मेरी मॅकआर्थर यांच्या नेतृत्वाखाली या बायकांनी दहा आठवडे संप केला आणि तासाला अडीच पेन्सचा दर मिळवला. साखळीची किंमत वजनावर ठरवताना मला त्या बायका आठवतात.

साखळी कामावर काढण्याआधी प्रत्येक कडी पाहावी. घासून दहा टक्क्यांपेक्षा बारीक झालेली, लांबट झालेली किंवा चीर पडलेली कडी दिसली, हुकाचं तोंड फाकलेलं दिसलं, की ती साखळी बाद. मधली कडी काढून तिथे नटबोल्ट घालू नये. आणि बाद साखळी शेडच्या कोपऱ्यात टांगून ठेवू नये, गर्दीच्या दिवशी कुणीतरी ती उचलतोच. ग्राइंडरने तिचे हातभर तुकडे करावेत, मगच भंगारवाल्याला द्यावी.