तांब्याचा वायसर लाल का करतात?

इंजिन उघडून परत बांधताना ऑइलच्या नळीच्या बॅन्जो बोल्टला किंवा ड्रेन बोल्टखाली तांब्याचा वायसर लावतात. नवा मिळाला नाही, तर बरेच मेकॅनिक जुनाच वायसर गॅसवर लाल करतात, पाण्यात टाकतात आणि परत बसवतात. तुम्हाला धातूंवर संशोधन करायचं असेल, तर यामागचं कारण नीट समजून घ्या.

आधी वायसरचं काम बघू. बोल्ट आणि इंजिनाचा पृष्ठभाग सपाट दिसला, तरी त्यावर बारीक ओरखडे असतात. बोल्ट आवळला की मऊ तांबं दबून त्या ओरखड्यांत शिरतं आणि ऑइलची वाट बंद होते. म्हणजे मऊपणा हाच वायसरचा गुण.

पण एकदा दबलेलं तांबं तितकं मऊ राहत नाही. धातूच्या स्फटिकात अणूंच्या ओळी काही ठिकाणी चुकलेल्या असतात. या दोषांना डिस्लोकेशन म्हणतात. ते सरकतात, म्हणून धातू न तुटता आकार बदलतो. ही कल्पना १९३४ मध्ये टेलर, ओरोवान आणि पोलानी यांनी स्वतंत्रपणे मांडली. धातू दाबला की डिस्लोकेशनची संख्या प्रचंड वाढते, ती एकमेकांत अडकतात आणि धातू कडक होतो. हेच वर्क हार्डनिंग.

आता उष्णतेचं काम. तांबं वितळतं १०८५ अंश सेल्सिअसला. अंधुक लाल होतं साधारण ६०० अंशांच्या आसपास. तेवढ्या तापमानाला जुन्या, ताणलेल्या कणांच्या जागी नवे कण तयार होतात आणि त्यांत डिस्लोकेशन फार कमी असतात. तांबं परत मऊ! मग पाण्यात का टाकायचं? पोलाद असं विझवलं तर कडक होतं, कारण त्याची स्फटिकरचना बदलते. तांब्यात तसा बदल होत नाही. पाण्याने ते फक्त लवकर थंड होतं आणि वरची काळी खपली सुटते.

आता मुद्द्याची गोष्ट. वापरलेला वायसर आणि लाल करून घेतलेला वायसर यांचं रासायनिक पृथक्करण करा, उत्तर जवळपास एकच येईल. तरी एक गळतो, दुसरा गळत नाही. कडक वायसर गळतोय म्हणून बोल्ट जोर लावून आवळला, तर ॲल्युमिनियमचे आटे जातात. फरक घटकांत नाही, इतिहासात आहे.

प्रयोगशाळेतही हेच. अतिउच्च निर्वाताच्या यंत्रणेत धातूच्या धारदार कडांमध्ये तांब्याचं गॅस्केट दाबतात आणि जोड उघडला की सहसा नवंच घालतात. तुमचा नमुना कापताना, घासताना त्याचा पृष्ठभागही कडक होतो. म्हणून वहीत नुसतं ‘तांबं, शुद्धता अमुक’ लिहू नका. किती दाबलं, किती तापमानाला, किती वेळ तापवलं, कसं थंड केलं, तेही लिहा. नाहीतर तुमचा निकाल दुसऱ्या कुणाला परत मिळणार नाही.

करून बघायचं असेल तर नवा, वापरलेला आणि लाल केलेला असे तीन वायसर घ्या आणि विकर्स कठीणता मोजा. ब्रेकच्या नळीवर मात्र प्रयोग नको, तिथे नवाच वायसर लावा.