धावत्या गाडीवरचं हवामापन

रिक्षाच्या टपावर हवा मोजणारी पेटी बसवायला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो तिचं तोंड कुठं ठेवायचं हे ठरवायला. समोर ठेवलं तर वाऱ्याचा झोत थेट आत घुसतो, मागे ठेवलं तर रिक्षाचाच धूर मोजला जातो. म्हणून आम्ही ते बाजूला आणि जरा खाली वळवतो.

पेटीत एक छोटा पंखा हवा ओढतो. ती लेझरच्या झोतातून जाते आणि धूलिकणांवरून विखुरलेल्या उजेडावरून कणांच्या वजनाचा अंदाज बांधला जातो. वजन प्रत्यक्ष कुणी केलेलंच नसतं, आणि मेख इथेच आहे. हिवाळ्यात पहाटे पुण्यात मुठेकाठी धुकं असलं की कण ओल शोषून फुगतात आणि हवा आहे त्यापेक्षा मळलेली दिसते. म्हणून प्रत्येक आकड्यासोबत आर्द्रता, वेळ आणि ठिकाण नोंदवावंच लागतं. शहरात फिरवण्याआधी पेट्या मोजणी केंद्राच्या यंत्राशेजारी ठेवून आकडे ताडून पाहतो. ते यंत्र फितीवर साठलेल्या धुळीतून बीटा किरण सोडून तिचं वजन काढतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण त्यावाचून पुढचं सगळं फुकट.

रस्त्यावर निराळ्याच अडचणी येतात. नळस्टॉपला पूल आणि मेट्रोखाली गाडी शिरली की जीपीएस भरकटतं आणि नकाशावर रिक्षा शेजारच्या इमारतीत दिसते. मोबाइलचं नेटवर्क गेलं तर नोंदी मेमरी कार्डात थांबतात, नंतर जातात.

मला सगळ्यात मोलाची वाटते ती दोन गाड्यांची गाठ. गाड्यांनी आपसात बोलावं म्हणून ५.९ गिगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टा अनेक देशांनी राखून ठेवला आहे. काहीशे मीटरवरून संदेश पोचतो. दोन रिक्षा शेजारी आल्या की दोघींच्या पेट्यांत हवा जवळपास एकच, म्हणजे आकडेही जुळायला हवेत. नाही जुळले तर एक सेन्सर बिघडत चालला आहे. पण समोरासमोरून सुसाट जाणाऱ्या गाड्यांचा उपयोग होत नाही. संदेशाला निमिष पुरतो, सेन्सरला स्थिर व्हायला काही सेकंद लागतात. त्यामुळे खरी तपासणी लाल दिव्यापाशीच होते. झ्युरिकमध्ये ट्रामच्या टपावर पेट्या बसवणाऱ्या संशोधकांनीही अशा भेटींतून सेन्सर दुरुस्त करायच्या पद्धती मांडल्या आहेत.

पीएम २.५ या बारीक धूलिकणांसाठी भारताची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची १५. एवढ्या फरकाच्या आकड्यांवर शाळेची वेळ किंवा ट्रकबंदी ठरायची असेल, तर पेटीची चूक परवडत नाही. महापालिकांनी बसगाड्यांवर अशा पेट्या जरूर लावाव्यात, पण त्याआधी शहरातली पक्की मोजणी केंद्रं वाढवावीत. ताडून पाहायला केंद्रच नसेल, तर शंभर पेट्यांच्या आकड्यांवरही भरवसा ठेवता येणार नाही.