मापात संथ : रेट्रो गेमसाठी जुना डेस्कटॉप

१९८० आणि १९९०च्या दशकांतले गेम त्याच काळच्या यंत्रावर खेळता यावेत म्हणून जुना डेस्कटॉप दुरुस्त करून चालता करणे, हा आता जगभर रुळलेला छंद आहे. वरवर पाहिले तर हा खटाटोप उगाच वाटतो. २००२ साली आलेले डॉसबॉक्स कुठल्याही लॅपटॉपवर टाकले की डॉसचे बहुतेक गेम सुरू होतात, तेही फुकट. खरी गोम वेळेच्या हिशोबात आहे. हल्लीचा गेम घड्याळ बघून चालतो. जुन्यांपैकी बरेच गेम प्रोसेसरच्या वेगालाच घड्याळ मानत, साउंड कार्डाशी थेट बोलत आणि समोर काचेचा जाड मॉनिटर आहे असे गृहीत धरत. त्यामुळे अशा यंत्राची पारख ताकदीवर होत नाही. ते हव्या त्या मापात संथ आहे का, हे पाहावे लागते.

असे यंत्र मिळते कुठे, तर जिथे ते कधीकाळी कामासाठी घेतले गेले तिथे. हुबळीचे दुर्गदबैल ही कापड, भांडी आणि बांगड्यांची गजबजलेली पेठ. अशा पेठांमध्ये संगणक शिरला तो गल्ल्याशेजारी, हिशोबासाठी. बंगळूरच्या गोयंका पितापुत्रांनी १९८६ साली सुरू केलेल्या कंपनीचे टॅली आणि खरखर करत बिले छापणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, ही जोडी गावोगावच्या व्यापाऱ्यांच्या परिचयाची आहे. कर्नाटकात १ एप्रिल २००५ला व्हॅट आला आणि १ जुलै २०१७ला जीएसटी. कर बदलला की हिशोबाची जुनी आवृत्ती बाद होते आणि तिच्यासोबत ती चालवणारे यंत्रही माळ्यावर जाते. लग्नपत्रिका छापणाऱ्यांकडे मात्र जुनी यंत्रे जास्त टिकली, कारण श्रीलिपीसारखी अक्षरजुळणीची सॉफ्टवेअरे पॅरलल पोर्टला लावायच्या डाँगलवर चालत आणि तो पोर्ट नव्या संगणकांतून हद्दपार झाला.

सुटे भागही लांबून येत. बंगळूरचा एसपी रोड आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड या दोन बाजारांवर इकडचा ‘असेंबल्ड’ संगणकाचा धंदा पोसला गेला. असेंबल्ड यंत्र आज रेट्रोवाल्यांना सोयीचे पडते. ब्रँडेड कंपन्यांचे कॅबिनेट आणि एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) पुष्कळदा त्यांच्याच मापाचे असत. असेंबल्डमध्ये सगळे सर्वसाधारण मापाचे, त्यामुळे एकाचा भाग दुसऱ्याला बसतो.

यंत्र हाती आले की पहिली गोष्ट हार्ड डिस्कची. ती पुसण्याआधी मूळ मालकाला विचारावे. त्याच्या लेखी निकामी झालेल्या डब्यात कधी पंधरा वर्षांच्या खतावण्या असतात. दुसरे, स्लॉटमध्ये एखादे अनोळखी लांब कार्ड दिसले तर ते भंगारात टाकू नये. पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड असण्याची शक्यता असते. डॉसच्या इंग्रजी पडद्यावर देवनागरी आणि कन्नड दोन्ही लिप्या उमटवणारे ते कार्ड सीमाभागाच्या संगणक-इतिहासातले मोलाचे कागदपत्रच आहे. गेमसाठी त्याचा उपयोग शून्य, पण तेवढ्यासाठी ते फेकायचे कारण नाही.

मग मदरबोर्ड कोणत्या काळचा ते पाहायचे. ढोबळमानाने तीन टप्पे पडतात. ३८६ आणि ४८६ हे निव्वळ डॉसचे. पेंटियम एमएमएक्स (१९९७) आणि एएमडीचा के६-२ (१९९८) हे डॉस आणि विंडोज ९५ यांच्या उंबरठ्यावरचे. त्यानंतर पेंटियम २ आणि ३, म्हणजे विंडोज ९८. एकच यंत्र ठेवायचे असेल तर जाणकार इंटेलच्या ४४०बीएक्स चिपसेटचा बोर्ड शोधतात. १९९८च्या या चिपसेटच्या अनेक बोर्डांवर आयएसए, पीसीआय आणि एजीपी हे तिन्ही पिढ्यांचे स्लॉट शेजारी शेजारी मिळतात: डॉसचे साउंड कार्ड आयएसएमध्ये, ग्राफिक्स कार्ड एजीपीमध्ये. पुढच्या बोर्डांवरून आयएसए हळूहळू गेला आणि डॉसचा अस्सल आवाजही त्याच्यासोबत गेला.

उघडल्यावर आत धूळ असतेच. ब्लोअरने ती उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवावीत, नाहीतर पंखा भन्नाट फिरून बेअरिंग खराब होते. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर साध्या खोडरबराने घासणे हा आपल्याकडचा प्रत्येक दुरुस्तीवाल्याचा पहिला उपाय, आणि तो लागूही पडतो. नंतर रबराचा चुरा तेवढा पुसून काढावा. ४८६ किंवा त्याआधीच्या बोर्डावर निळसर नळीसारखी निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर ती आधी कापून काढायची. ती फुटून पाझरते आणि त्यातला अल्कली द्रव तांब्याच्या रेषा खाऊन टाकतो. हिरवट-पांढरा थर दिसला की व्हिनेगरने तो मारायचा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुवायचे. पेंटियमच्या काळापासून सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल आला आणि ही कटकट संपली.

एसएमपीएसवर विश्वास ठेवून थेट बटण दाबू नये. त्याच्या पहिल्या भागातल्या कंडेन्सरवर २३० व्होल्टचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच राहतात. मागे ११५/२३०चा लाल खटका असेल तर तो २३०वर आहे याची खात्री करावी. जुन्या एटी पद्धतीत बोर्डाला वीज देणारे दोन वेगळे कनेक्टर असतात. दोन्हींच्या काळ्या वायरी मध्ये एकमेकींना चिकटून आल्या पाहिजेत, उलट लावले तर बोर्ड जळतो. नवा एसएमपीएस बसवतानाही एक अडचण येते. पेंटियम ३पर्यंतचे बोर्ड मुख्यतः ५ आणि ३.३ व्होल्टवर जगतात, तर आजचे एसएमपीएस आपली सगळी ताकद १२ व्होल्टवर ठेवतात. शिवाय काही आयएसए साउंड कार्डांना उणे ५ व्होल्ट लागतात आणि ती वायर नव्या एसएमपीएसमध्ये नसतेच.

सर्वात किचकट काम कंडेन्सरचे. १९९९ ते २००७च्या सुमाराला बनलेल्या असंख्य बोर्डांवर सदोष द्रवाचे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बसले. प्रोसेसरभोवतीच्या या नळकांड्यांच्या डोक्यावर रेघांची खूण असते. ते डोके सपाट असायला हवे. फुगले असेल किंवा तपकिरी पापुद्रा आला असेल तर कंडेन्सर गेला. अशा बोर्डाचा रोग फसवा असतो: यंत्र सुरू होते, विंडोज चढते आणि गेम रंगात आला की बंद पडते. नवा कंडेन्सर घेताना तेवढेच मायक्रोफॅरड, तेवढे किंवा जास्त व्होल्ट, १०५ अंशांचा आणि कमी ईएसआरचा घ्यायचा. रेडिओचा साधा कंडेन्सर इथे टिकत नाही. काढताना २५ वॉटचा सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, कारण बोर्डाच्या आतला तांब्याचा थर सगळी उष्णता पिऊन घेतो. अर्धवट वितळलेला पाय ओढला की भोकातले अस्तर निघून येते. त्यामुळे ताकदीचा, तापमान राखणारा सोल्डरिंग आयर्न घ्यावा, जुन्या डागावर थोडे नवे शिसे द्यावे आणि पाय आलटून पालटून सैल करावेत. उणे बाजूची खूण काही बोर्डांवर उलटी छापलेली असते, म्हणून जुना कंडेन्सर काढण्याआधी फोटो काढून ठेवणे शहाणपणाचे.

बोर्ड जिवंत झाला की तो शिट्टीतून बोलतो. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये एक लांब आणि दोन आखूड शिट्ट्या म्हणजे ग्राफिक्स कार्डाची तक्रार. थांबून थांबून वाजत राहणारी लांब शिट्टी बहुधा रॅमची. पुन्हा खोडरबर.

आता मूळ प्रश्न, वेगाचा. १९८१च्या आयबीएम पीसीचा प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता आणि सुरुवातीचे प्रोग्रॅम तोच कायमचा धरून लिहिले गेले. पुढच्या यंत्रांवर ते भरधाव पळू लागले, म्हणून कॅबिनेटवर ‘टर्बो’ बटण आले. नाव टर्बो असले तरी त्याचा खरा उपयोग यंत्र हळू करण्यासाठी होता. १९९०चा ‘विंग कमांडर’ वेगवान पेंटियमवर इतका सुसाट जातो की शत्रूचे यान दिसेपर्यंत लढाई संपते. उलट १९९३चा ‘डूम’ घड्याळाला बांधलेला आहे: सेकंदाला ३५ पावले, यंत्र कितीही वेगवान असो. म्हणून तो सगळीकडे नीट चालतो.

या वेगापायी होणाऱ्या बिघाडांचा सर्वात बोलका नमुना टर्बो पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेचा. त्यात लिहिलेला प्रोग्रॅम सुरू होताना घड्याळाच्या एका ठोक्यात, म्हणजे सुमारे ५५ मिलिसेकंदांत, एक रिकामे चक्र किती वेळा फिरते ते मोजतो आणि त्या आकड्याला ५५ने भागतो. उत्तर १६ बिटांत, म्हणजे ६५,५३५च्या आत, बसेल अशी अपेक्षा होती. २०० मेगाहर्ट्झच्या आसपास ते उत्तर मर्यादा ओलांडू लागले. प्रोसेसरला भागाकार जमेना आणि पडद्यावर ‘रनटाइम एरर २००’ आली. म्हणजे शून्याने भागल्याची तक्रार, जिथे शून्य कुठेच नव्हते. विंडोज ९५चीही हीच गत झाली. के६-२ ३५० मेगाहर्ट्झ किंवा त्यापुढचा असेल तर ती सुरू होतानाच कोलमडे आणि मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली.

यावरचा उपाय यंत्राच्या आतच असतो. बायोसमधून प्रोसेसरची अंतर्गत कॅश बंद केली की पेंटियम एमएमएक्स ३८६च्या चालीवर येतो. ‘सेटमल’सारख्या छोट्या डॉस प्रोग्रॅमने हेच काम एका ओळीच्या आदेशात होते, त्यामुळे प्रत्येक गेमसाठी वेगळी बॅच फाइल करून वेगाचे माप ठरवता येते. एकाच डब्यात तीन-चार पिढ्यांचे वेग राखणारा पेंटियम एमएमएक्स म्हणूनच पुष्कळ ताकदवान पेंटियम ३पेक्षा डॉससाठी सरस ठरतो.

आवाजाचा मानदंड सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीने घातला. १९८९चे साउंड ब्लास्टर आणि १९९२चे साउंड ब्लास्टर १६ हीच बहुतेक गेमची अपेक्षा. पत्ता २२०, आयआरक्यू ५, डीएमए १ हे आकडे त्या काळच्या मुलांना पाढ्यांसारखे पाठ असत. संगीत वाजवणारी यामाहाची ओपीएल३ चिप कार्डावर खरोखर आहे की तिची नक्कल, हे खरेदीआधी भिंगाने पाहावे. पीसीआय कार्डे डॉसमध्ये सोंग आणून काम भागवतात, पण कित्येक गेम त्या सोंगाला ओळखत नाहीत.

चित्राच्या बाबतीत १९९६चे थ्रीडीएफएक्सचे वूडू हे पहिले मोठे वळण. हे कार्ड फक्त त्रिमिती चित्र काढी; साध्या कामाला दुसरे कार्ड लागे आणि मागून एक आखूड केबल दोघांना जोडे. २०००च्या अखेरीस एनव्हिडियाने या कंपनीची मालमत्ता घेतली. आता वूडूच्या किमती अवाच्या सवा आहेत आणि ‘रोड रॅश’ किंवा ‘एज ऑफ एम्पायर्स’ खेळणाऱ्याला त्याची मुळीच गरज नाही.

मॉनिटर शक्यतो जुना सीआरटीच. डॉसचे ३२० बाय २०० ठिपक्यांचे चित्र ४:३ पडद्यावर ताणले जाई, म्हणजे प्रत्येक ठिपका रुंदीच्या १.२ पट उंच. रुंद एलसीडीवर तेच चित्र बसके आणि चेहरे फुगीर दिसतात. मात्र सीआरटीचे मागचे झाकण उघडणे हे घरगुती काम नव्हे. आत वीस-पंचवीस हजार व्होल्ट असतात आणि बंद केल्यावरही काचेत साठून राहतात. की-बोर्डाची निवड सोपी: कचेऱ्यांतून निवृत्त होणारा टीव्हीएस गोल्ड, चेरीच्या यांत्रिक स्विचांचा, आवाजी आणि चिवट.

हार्ड डिस्क बदलून आयडीई अडॅप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावणे आता सर्रास चालते. जुन्या बायोसच्या मर्यादा ५०४ एमबी, ८.४ जीबी, ३२ जीबी अशा पायऱ्यांनी वाढत गेल्या आणि फॅट१६चा एक भाग २ जीबीच्या पुढे जात नाही; ४ जीबीचे कार्ड बहुतेक पेंटियमांना मानवते. विंडोज ९८साठी रॅम १२८ किंवा २५६ एमबी पुरे. ५१२च्या वर गेले की ती उलट अडखळते. डॉसमध्ये झगडा वेगळाच: पहिल्या ६४० केबीतली जागा मोकळी ठेवण्याचा. माउस आणि सीडीचे ड्रायव्हर ईएमएम३८६च्या मदतीने वरच्या कप्प्यात सरकवले की गेमला हवे असलेले सहाशेच्या आसपास केबी मिळतात.

उभे राहिलेले यंत्र महिन्यातून एकदा तासभर चालवावे, पावसाळ्यात जास्त वेळा. फ्लॅश कार्डाची संपूर्ण प्रत दुसऱ्या कार्डावर काढून ठेवावी. उरलेले मृत बोर्ड आणि फुटलेले मॉनिटर रस्त्यावरच्या भंगारात देऊ नयेत; शिसे आणि इतर विषारी धातूंमुळे २०१२ पासून देशात ई-कचऱ्याचे वेगळे नियम लागू आहेत आणि असे बोर्ड व मॉनिटर नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण करणाऱ्यांकडेच जायला हवेत. मात्र त्याआधी त्यांवरचे स्क्रू, जंपर आणि कनेक्टर काढून घ्यावेत. पुढच्या यंत्राला तेच कमी पडतात.