भाषा अनेक, करार एक

गडचिरोली जिल्ह्यात सिरोंच्याकडे तेलुगू, कोरचीकडे छत्तीसगढी, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या वसाहतींत बंगाली, भामरागड-एटापल्लीत माडिया आणि कचेरीत मराठी चालते. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात जिवतीच्या डोंगरांवर गोंडी व कोलामीही कानी पडते. तरीही आठवडी बाजार अडत नाही. कारण माप, भाव आणि मोजदाद यांविषयी उभयपक्षी करार ठरलेला असतो. संगणकांच्या जगात आज नेमका हाच प्रश्न उभा आहे.

पूर्वी एखादी संगणकप्रणाली एकसंध बांधली जाई. आता तिचे लहान, स्वतंत्र सेवांत विभाजन करतात. त्यांना ‘मायक्रोसर्व्हिस’ म्हणतात. एक सेवा जावात, दुसरी पायथनमध्ये, तिसरी गो या भाषेत लिहिलेली असते. त्यांच्या संभाषणासाठी गूगलने 2008 साली ‘प्रोटोकॉल बफर्स’ आणि 2015 साली ‘जीआरपीसी’ सर्वांस खुले केले. निरोपातील प्रत्येक रकान्याचे नाव, प्रकार व क्रमांक प्रथम एका करारात लिहावयाचा. त्यावरून प्रत्येक भाषेतील कोड यंत्रच तयार करते. अनोळखी रकाना जुनी सेवा वगळून पुढे जाते. परंतु एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या अर्थाने वापरला, तर घोटाळा अटळ असतो.

तथापि असा करार प्रकाराची हमी देतो, अर्थाची नाही. शंभर म्हणजे रुपये की पैसे, हे माणसांनीच ठरवावे लागते. ‘मडावी’ हे आडनाव रोमन लिपीत एका दप्तरी ‘व्ही’ने आणि दुसऱ्या दप्तरी ‘डब्ल्यू’ने नोंदले गेले, तर यंत्राच्या लेखी ती दोन माणसे ठरू शकतात.

याहून अवघड प्रश्न मौनाचा आहे. बँकेच्या प्रतिनिधीकडील यंत्रावर अंगठा ठेवला की निरोप त्याच्या बँकेकडून राष्ट्रीय भुगतान निगमाकडे, आधारच्या पडताळणीकडे व ग्राहकाच्या बँकेकडे जातो आणि उत्तर परत येते. ही साखळी म्हणजे काटेकोर अर्थाने मायक्रोसर्व्हिस नव्हे. पण तत्त्व तेच आहे. पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क तुटल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षे वाचत आलो आहोत. अशा मुलखात उत्तर वाटेतच हरवले, तर पैसे वळते झाले की नाही? पुन्हा मागणी करावी, तर रक्कम दोनदा कापली जाण्याचे भय. न करावी, तर रिकाम्या हाताने पायपीट. यास्तव प्रत्येक मागणीस स्वतंत्र क्रमांक हवा आणि तोच क्रमांक पुन्हा आल्यास व्यवहार न करता पूर्वीचेच उत्तर द्यावे, असा दंडक हवा.

सर्वांवर एकच भाषा लादा, असा उपाय काही जण सुचवितात. परंतु एकाच भाषेत लिहिलेल्या दोन सेवांमधील तारही तुटतेच. दोष भाषाभेदाचा नाही, अपुऱ्या कराराचा आहे.

रिझर्व्ह बँकेने 20 सप्टेंबर 2019 च्या परिपत्रकाने हा करार नागरिकापर्यंत आणला. आधारवरील व्यवहारात खात्यातून रक्कम कापली गेली, पण यंत्रावर पुष्टी आली नाही, तर पाच दिवसांत ती परत व्हावी. त्यापुढे दररोज 100 रुपये भरपाई. नियम स्तुत्य आहे. पण हाती पावती नसलेल्या माडिया मजुराने तो कोणत्या आधारावर मागावा?

म्हणूनच सरकारी प्रणाली बांधणाऱ्यांकडून तीन गोष्टींचा आग्रह धरला पाहिजे. फसलेल्या व्यवहाराचीही क्रमांकासह पावती मिळावी आणि कारण त्या माणसाच्या भाषेत ऐकू यावे. नवी आवृत्ती आली तरी दुर्गम तालुक्यातील शेवटचे यंत्र बदलेपर्यंत जुनी सेवा बंद होऊ नये. आणि चाचणी मुंबई-पुण्याच्या वेगवान तारेवर न होता, तार वारंवार तुटते तेथे व्हावी. यंत्रे परस्परांशी बोलू लागली, हे कौतुकाचे खरेच. पण ती गप्प झाली असता त्याची किंमत सर्वांत गरीब माणसाने मोजावी, हे कोणत्याही करारात बसत नाही.