ग्लॅडिओलस डालेनी

ग्लॅडिओलस डालेनी ही इरिडेसी (केसर) कुलातील, जमिनीत कंद असणारी एक बहुवर्षायू वन्य वनस्पती आहे. ग्लॅडिओलस वंशातील ही सर्वांत विस्तृत क्षेत्रात आढळणारी जाती असून तिचा प्रसार दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व भागापासून उष्ण कटिबंधीय आफ्रिका व मादागास्करमार्गे अरबस्तानच्या पश्चिम भागापर्यंत झालेला आहे. तिची फुले नारिंगी, तांबडी, पिवळी किंवा हिरवट रंगांची असतात. फुलबाजारात मिळणाऱ्या मोठ्या फुलांच्या संकरित ग्लॅडिओलसच्या उत्पत्तीत या जातीचा वाटा मोठा आहे. मात्र मानवाने घडविलेले बागेतील झाड आणि आफ्रिकेच्या गवताळ माळावरील हे झाड यांच्या रचनेत व जीवनक्रमात बराच फरक आहे.

नाव व वर्गीकरण

'ग्लॅडिओलस' हा शब्द लॅटिन भाषेतील असून त्याचा अर्थ 'लहान तलवार' असा होतो. पानांच्या तलवारीसारख्या आकारावरून हे नाव पडले. या वंशात २५० हून अधिक जाती आहेत. त्यांपैकी बहुसंख्य आफ्रिकेतील असून एकट्या दक्षिण आफ्रिकेच्या परिसरात १६० हून अधिक जाती आढळतात. भूमध्य समुद्राभोवतालचा प्रदेश, युरोप व पश्चिम आशिया येथे मोजक्याच जाती आहेत.

'डालेनी' हे जातिवाचक नाव नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथील वनस्पती उद्यानाचे संचालक कॉर्नेलियस डालेन यांच्या सन्मानार्थ दिलेले आहे. त्यांनी ही वनस्पती युरोपातील उद्यानांत आणली. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या अखेरीस व्हॅन गील यांनी तिचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर लवकरच, १८३० मध्ये, इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम हुकर यांनी याच जातीला 'ग्लॅडिओलस सिटॅसिनस' असे नाव दिले. पोपटाच्या पिसाऱ्याची आठवण करून देणारा फुलांचा रंग त्या नावातून सुचविला आहे. हे दुसरे नाव सुमारे दीड शतक अधिक प्रचलित राहिले. वनस्पतींच्या नामकरणाच्या नियमांनुसार आधी प्रसिद्ध झालेल्या नावास अग्रक्रम मिळतो, म्हणून आता 'डालेनी' हेच नाव ग्राह्य मानले जाते. नाताळ प्रदेशातील झाडांना दिलेले 'नातालेन्सिस' आणि पिवळ्या फुलांच्या झाडांना दिलेले 'प्रिम्युलिनस' ही नावेही आता याच जातीची समानार्थी नावे ठरली आहेत.

एकाच जातीला इतकी नावे मिळण्याचे कारण तिच्या विविधतेत आहे. निरनिराळ्या प्रदेशांतील झाडे उंची, पानांची रुंदी, फुलांचा रंग व फुलण्याचा काळ यांबाबत इतकी भिन्न दिसतात की, सुटे नमुने पाहणाऱ्या अभ्यासकांना त्या स्वतंत्र जाती वाटल्या. पीटर गोल्डब्लॅट यांनी उष्ण कटिबंधीय आफ्रिकेतील ग्लॅडिओलसवरील १९९६ च्या ग्रंथात, तसेच जॉन मॅनिंग यांच्यासह दक्षिण आफ्रिकेतील जातींवर लिहिलेल्या १९९८ च्या ग्रंथात या वंशाचा एकत्रित आढावा घेतला. त्यांच्या वर्गीकरणात दोन टोकांच्या रूपांना जोडणारी मधली रूपे विचारात घेऊन अशी अनेक नावे एका जातीत समाविष्ट केली आहेत.

वर्णन

हे झाड साधारणतः १ ते १.५ मीटर उंच वाढते. जमिनीखाली गोलसर, किंचित चपटा दृढकंद असतो. कांद्याप्रमाणे तो मांसल पापुद्र्यांचा बनलेला नसून खोडाचा फुगलेला, पिष्टमय व भरीव भाग असतो. त्यावर तपकिरी रंगाची पातळ आवरणे असतात. त्याच्या तळाशी अनेक बारीक कंदिका तयार होतात.

पाने चार ते सहा किंवा थोडी अधिक, उभी, करड्या-हिरव्या रंगाची व तलवारीसारखी असून पंख्याप्रमाणे दोन ओळींत मांडलेली असतात. त्यांचे तळ एकमेकांना आवळून धरतात. इरिडेसी कुलातील अनेक वनस्पतींप्रमाणे या पानाचे पाते कडेवर उभे असते, त्यामुळे त्याच्या दोन्ही बाजू सारख्याच दिसतात व दोहोंवर ऊन पडते.

फुलोरा कणिश प्रकारचा असून न फांदलेल्या उंच दांड्यावर येतो. रानातील झाडावर बहुधा दोन ते सात फुले असतात, काही झाडांवर याहून अधिक. प्रत्येक फुलाच्या तळाशी दोन मोठी, हिरवी किंवा तांबूस छदे असतात. फूल द्विपार्श्व सममित, म्हणजे उभ्या एकाच प्रतलात दोन सारखे भाग होणारे असते. सहा परिदले खाली जुळून वाकडी, लांब नळी बनते. ही नळी तळाशी अरुंद असून वर एकाएकी रुंद होते. वरचे परिदल सर्वांत मोठे असते व फुलाच्या तोंडावर छपरासारखे पुढे झुकते, तर खालची तीन परिदले लहान व खाली वळलेली असतात. नारिंगी किंवा तांबड्या फुलांत ही खालची परिदले बहुधा पिवळी असतात. काही झाडांच्या पिवळ्या वा हिरवट फुलांवर तांबड्या-तपकिरी रंगाचे बारीक ठिपके व रेघा असतात.

केसरदले तीन असून वरच्या परिदलाच्या आडोशाला एका बाजूस झुकलेली असतात. किंजपुट अधःस्थ (इतर पुष्पदलांच्या खाली असलेला) व तीन कप्प्यांचा असतो. किंजलाच्या टोकाला तीन शाखा असतात. फळ बोंड प्रकारचे असून पिकल्यावर तीन भागांत उकलते. बियांभोवती पातळ पंख असतो. उंच, ताठ दांडा वाऱ्याने हलला की बिया बाहेर पडून उडून जातात.

परागण

ग्लॅडिओलस वंशात फुलांच्या रचनेचे आश्चर्यकारक वैविध्य आढळते व त्याचा संबंध परागण करणाऱ्या प्राण्यांशी आहे. या वंशातील पुष्कळ जातींचे परागण लांब जिभेच्या मधमाश्या करतात. इतर काही जाती लांब सोंडेच्या माश्या, पतंग किंवा फुलपाखरे यांच्यावर अवलंबून असतात. ग्लॅडिओलस डालेनीचे परागण प्रामुख्याने शिंजीर (सूर्यपक्षी) कुलातील पक्षी करतात. या कुलातील पक्षी महाराष्ट्रातही आढळतात, मात्र आफ्रिकेतील जाती वेगळ्या आहेत.

फुलाची जवळजवळ सर्व वैशिष्ट्ये या संबंधातून समजतात. तांबडा-नारिंगी रंग पक्ष्यांना दुरून दिसतो. नळीत मकरंद भरपूर असतो. वासाचा उपयोग पक्ष्यांना फारसा नसल्याने फुलांना सुगंध नसतो. शिंजीर बहुधा बसूनच मकरंद पितो, त्यामुळे जाड, ताठ दांडा त्याला आधार म्हणून उपयोगी पडतो. पक्ष्याने चोच नळीत घातली की, छपरासारख्या परिदलाखालील परागकोश त्याच्या डोक्याला घासतात व पराग तेथे चिकटतात. फुलात आधी परागकोश उकलतात आणि नंतर किंजलाच्या शाखा पसरतात. परिणामी पक्ष्याच्या डोक्यावरील पराग दुसऱ्या, अधिक जुन्या फुलाच्या किंजल्कावर पोहोचण्याची शक्यता वाढते.

अधिवास व जीवनक्रम

ही जाती गवताळ प्रदेश, विरळ वृक्षांचे रान, झुडपी माळ व खडकाळ उतार अशा ठिकाणी वाढते. समुद्रकिनाऱ्याजवळच्या प्रदेशापासून सुमारे २,५०० मीटर उंचीच्या डोंगरांपर्यंत ती आढळते. दक्षिण आफ्रिकेत ती उन्हाळी पावसाच्या पूर्वेकडील पट्ट्यात आढळते. केप द्वीपकल्पाच्या आसपासच्या हिवाळी पावसाच्या प्रदेशात ग्लॅडिओलसच्या अनेक जाती असूनही ही जाती तेथे नैसर्गिकरीत्या वाढत नाही.

या अधिवासात कोरडा ऋतू दीर्घ असतो व त्या काळात गवताला वणवे लागतात. वनस्पतीचा जमिनीवरचा भाग तेव्हा वाळलेला असतो आणि अन्नसाठा व अंकुर जमिनीखाली सुरक्षित राहतात. पाऊस सुरू झाला की जुन्या कंदातील अन्नावर नवी पाने वाढतात. तो कंद हळूहळू सुकतो व त्याच्या माथ्यावर नवा कंद तयार होतो. म्हणजे झाड अनेक वर्षे जगत असले तरी त्याचा कंद दर वर्षी नवा असतो. नवा कंद जुन्याच्या वर तयार होत असल्याने तो क्रमाने पृष्ठभागाजवळ यायला हवा, परंतु आकुंचन पावणारी विशेष मुळे त्याला पुन्हा खाली ओढून घेतात. तळाशी तयार झालेल्या कंदिका सुट्या होऊन त्यांपासून स्वतंत्र झाडे वाढतात.

उष्ण कटिबंधीय आफ्रिकेत आढळणाऱ्या 'अँडोंगेन्सिस' या उपजातीत फुलोऱ्याच्या दांड्यावर खुरटलेली पाने असतात व पूर्ण वाढीची पाने नंतर वेगळ्या कोंबावर येतात.

गुणसूत्रे

वंशाची मूळ गुणसूत्रसंख्या १५ आहे. या जातीत ३०, ६० व ९० गुणसूत्रे असलेली झाडे, म्हणजे अनुक्रमे द्विगुणित, चतुर्गुणित व षट्गुणित रूपे, नोंदली गेली आहेत. बागेतील मोठ्या फुलांचे संकरित वाण सामान्यतः चतुर्गुणित असतात.

संकरित ग्लॅडिओलसची उत्पत्ती

१८३७ च्या सुमारास बेल्जियममध्ये ड्यूक ऑफ आरेनबर्ग यांच्या उद्यानातील माळी बेडिंगहाउस यांनी या जातीचा दुसऱ्या एका आफ्रिकी जातीशी संकर केला. दुसरी जाती ग्लॅडिओलस कार्डिनॅलिस असल्याचे तेव्हा सांगण्यात आले, परंतु ती ग्लॅडिओलस ऑपोझिटिफ्लोरस असावी असे मत नंतर पुढे आले. गेंट येथील रोपवाटिकाधारक लुई व्हॅन हाउट यांनी १८४१ मध्ये हा संकर बाजारात आणला. गेंट शहराच्या लॅटिन नावावरून त्याला 'गांडाव्हेन्सिस' म्हणतात. पुढे फ्रान्समधील नान्सी येथे व्हिक्टर लेमॉइन व अन्य संकरकांनी त्यात आणखी आफ्रिकी जातींचे गुण मिसळले.

विसाव्या शतकाच्या आरंभी झांबेझी नदीवरील व्हिक्टोरिया धबधब्याच्या तुषारांत वाढणारी पिवळ्या फुलांची झाडे इंग्लंडमध्ये नेण्यात आली. त्यांचे वरचे परिदल टोपीसारखे झुकलेले असे. यांच्या संकरातून 'प्रिम्युलिनस' गटातील नाजूक फुलांचे वाण तयार झाले व बागेतील ग्लॅडिओलसमध्ये पिवळ्या आणि केशरी छटा वाढल्या.

महाराष्ट्रात पुणे, सातारा व नाशिक या जिल्ह्यांत कटफुलांसाठी लावला जाणारा ग्लॅडिओलस याच संकर परंपरेतील आहे. संकरकांनी निवड करताना रुंद उघडी फुले, एका दांड्यावरील त्यांची मोठी संख्या व रंगांची विविधता यांवर भर दिला. त्यामुळे पक्ष्याच्या डोक्याशी जुळणारी छपराची रचना बहुतेक वाणांत पुसट झाली आहे.

पारंपरिक उपयोग

दक्षिण आफ्रिकेतील झुलू व सोथो समाजांच्या पारंपरिक औषधपद्धतीत या वनस्पतीचे कंद सर्दी, आमांश इत्यादी विकारांवर वापरले जातात. आफ्रिकेच्या काही भागांत कंद पाण्यात भिजवून व शिजवून खाल्ले जात.

संवर्धन

विस्तृत प्रसारामुळे दक्षिण आफ्रिकेच्या लाल यादीत ही जाती 'कमी चिंतेची' या वर्गात आहे. ऑस्ट्रेलियात ती बागांतून बाहेर पसरून रानटी झाली आहे. तथापि एखादी जाती सुरक्षित असणे म्हणजे तिची सर्व स्थानिक रूपे सुरक्षित असणे नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील गवताळ प्रदेशाचा मोठा भाग शेती, खाणकाम, वृक्षलागवड व शहरांची वाढ यांमुळे बदलला आहे. एखाद्या माळावरील ठरावीक रंगाचे किंवा वेगळ्या काळात फुलणारे रूप नाहीसे झाले तरी जातीचे नाव यादीत त्याच वर्गात राहू शकते. जुन्या संकरांत प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेतील व झांबेझी खोऱ्यातील मोजकीच रूपे वापरली गेली. केपच्या पूर्वेपासून अरबस्तानपर्यंत पसरलेल्या या जातीची उरलेली विविधता त्या वाणांत उतरलेली नाही. ती तिच्या मूळ अधिवासातच टिकून आहे आणि म्हणूनच जातीच्या संवर्धनात गवताळ प्रदेशांच्या संरक्षणाला महत्त्व आहे.