हाताला दम येतो कसा?

कार्तिकात सिंधुदुर्गातल्या जत्रा सुरू झाल्या की दशावताराचे खेळ रात्री उभे राहतात आणि पहाटेपर्यंत रंगतात. नटांना प्रवेशांच्या मधे उसंत मिळते; मृदंग, पायपेटी आणि झांज वाजवणाऱ्यांना ती फारशी नसते. शिवाय दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावची जत्रा असतेच. दोन बुवांच्या चढाओढीत रंगणाऱ्या डबलबारी भजनात पखवाजवाल्याचीही अशीच कसोटी लागते. उलट, नव्याने गिटार शिकणाऱ्या मालवणच्या मुलाचा डावा हात अर्ध्या तासात भरून येतो. दोघांच्या ताकदीत फार अंतर असतं असं नाही. अंतर असतं ते ताकद खर्च करण्याच्या पद्धतीत.

बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. ते कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागात असतात आणि पिंगुळीच्या कळसूत्री बाहुल्यांसारखी बोटं लांबून, दोरांनी हलवतात. हे दोर म्हणजे कंडरा. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून अशा नऊ कंडरा आणि एक मज्जातंतू जातो. म्हणूनच वाजवून थकल्यावर बोटांपेक्षा कोपराखालचा भाग जास्त ठणकतो.

स्नायू आवळला की त्यातल्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात, प्राणवायूचा पुरवठा घटतो. पूर्ण जोराच्या निम्म्या ताकदीने मूठ धरून ठेवली तरी मिनिट-दोन मिनिटांत हात थरथरू लागतो. मृदंगावरची थाप मारून हात सुटतो, त्या क्षणी रक्त पुन्हा वाहतं. गिटारवर बार कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा दाबून धरायचा) वाजवणारा नवशिका मात्र तार आणि अंगठा सतत आवळून ठेवतो. त्यात बोट वाकवणारे आणि सरळ करणारे असे दोन्ही स्नायू एकाच वेळी ताणतो. सराव वाढतो तसा मेंदू हा फुकटचा ताण कमी करायला शिकतो. पहिल्या काही आठवड्यांत जाणवणारी प्रगती बरीचशी अशी, मज्जासंस्थेची असते. स्नायूंतल्या केशवाहिन्या आणि ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रिया त्यानंतर हळूहळू वाढतात. कंडरांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्या सर्वांत सावकाश तयार होतात. उत्साहाच्या भरात दुखापत होते ती बहुधा इथेच.

म्हणून सुरुवात ठाय, म्हणजे संथ लयीत करावी. वीस-पंचवीस मिनिटं वाजवून पाच मिनिटं हात सैल सोडावा आणि वेळ आठवड्या-आठवड्याने थोडा थोडा वाढवावा. गिटारवर बोट पट्टीच्या (फ्रेटच्या) अगदी जवळ ठेवून दाब कमी करत जावं. सूर खरखरू लागला की किंचित वाढवावा. तेवढाच दाब पुरतो. मूठ आवळायच्या स्प्रिंगने पकड बळकट होईल, पण सैलपणे वाजवणं त्यातून येत नाही.

घाईची किंमत मोठी असते. संगीतकार रॉबर्ट शुमान यांचा उजवा हात १८३०च्या दशकाच्या सुरुवातीला निकामी होऊ लागला आणि पियानोवादक होण्याचं स्वप्न सुटलं. बोटांना बळ देण्यासाठी वापरलेलं यंत्र त्याला कारणीभूत असल्याचं मानलं जातं, इतर कारणंही सुचवली जातात.

थकवा विश्रांतीने जातो. पण टोचणारी कळ किंवा अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या येत असतील, तर तो मनगटातल्या मज्जातंतूवरच्या दाबाचा इशारा असू शकतो. अशा वेळी वाद्य खाली ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. दुखणं सोसून हाताला दम येत नाही.